द्राक्षावरची पावडर आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न

प्रश्न : ताई, आमची निफाड तालुक्यात २ एकर थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग आहे. व्यापाऱ्याने एकदा पैसे बुडवले तेव्हापासून मी आणि मिस्टर शनिवार-रविवार पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर स्वतःच माल विकतो. पण रोज कोणीतरी घड उचलतं आणि विचारतं, ही पांढरी पावडर कसली, केमिकल ना? परवा एक काकू नातवाला म्हणाल्या, "हात नको लावू, विष आहे ते." मला इतकं लागलं की मी बोलून गेले, मग खाऊ नका, आम्ही वर्षभर राबतो ते काय तुम्हाला विष द्यायला? त्या निघून गेल्या, मागच्या दोघीही गेल्या. अशांना सांगायचं तरी कसं?

उत्तर : तुझं पत्र वाचून पोटात कालवलं गं. ऑक्टोबर छाटणीपासून चार महिने एकेक घड जपायचा, आभाळ आलं की रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि त्याला कोणी विष म्हटलं तर जीभ सुटणारच. पण एक बघ, त्या काकू तुला बोलल्याच नव्हत्या, नातवाला बोलल्या. त्यांना पोराची काळजी होती, आणि त्या काळजीला तू भांडण समजून उत्तर दिलंस.

पुढच्या वेळी आधी हातात घड घे, देठाला धरून. एका मण्यावरून अंगठा फिरव, पावडर जाते आणि खालचा मणी चकचकीत दिसतो. मग सांग, काकू, ही द्राक्षाची स्वतःची लव आहे, मेणासारखा पातळ थर, मण्यातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून वेलच तो तयार करतो. लव शाबूत असली म्हणजे मालाला फार हात लागलेले नाहीत, आम्ही तोडतानाही देठालाच धरतो. हे बोलायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्यांच्याच डोळ्यासमोर होतं म्हणून पटतं.

पण "आम्ही काहीच मारत नाही" असं चुकूनही म्हणू नकोस. डावणी, भुरी या वेलीच्या रोगांवर फवारणी केल्याशिवाय आपल्याकडे थॉमसन हाती लागत नाही, हे तुलाही माहितीय. मण्यावर डागडाग दिसले, खालच्या टोकाला ओघळ सुकलेला दिसला तर ती लव नाही, फवारणीचे डाग आहेत, तेही खरं सांग. शेवटची फवारणी कधी, कशाची, आणि लेबलप्रमाणे काढणीआधी किती दिवस थांबलात, हे एका वहीत लिहून स्टॉलवर ठेव. धुऊन खा म्हण, पण धुतल्याने वरवरचंच जातं, आंतरप्रवाही औषध मण्याच्या आत असतं, त्याला ते थांबलेले दिवसच कामाला येतात. रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे मालात औषधाचे अंश किती ते सांगणारा लॅबचा कागद, काढला असेल तर त्याची झेरॉक्सही ठेव.

जीएचं, म्हणजे मणी फुगवायच्या जिब्रेलिक ॲसिडचं विचारलं तर तेही लपवू नकोस. बिया असलेल्या मण्यात बियांमुळेच जिब्रेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होतं आणि मणी फुगतो, थॉमसनला बी नाही म्हणून आपण घड जीएच्या पाण्यात बुडवतो. मला तर वाटतं हे ऐकायला लोकांना आवडतं, कोणी सांगितलेलंच नसतं त्यांना.

लोकांची शंका हवेतून आलेली नाही गं. २०१० ला आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाटचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायच्या, आपल्या बोलीतल्या सीसीसीचे अंश सापडले, युरोपात माल अडकला आणि कित्येक बागायतदारांचं कंबरडं मोडलं. तेव्हा "शहरातल्यांना काय कळतं" असं मनातसुद्धा आणू नकोस, ते चेहऱ्यावर दिसतं.

आणि हो, शेजारच्या गाडीवाल्याचा माल खराब आणि आमचा तेवढा शुद्ध, असंही नको. तो माल तुझ्याच शिवारातल्या कोणाचा तरी असू शकतो, आणि अशाने गिऱ्हाइकाची भीती वाढते, ती उद्या तुझ्याही कॅरेटपाशी येते.

त्या काकू परत दिसल्या तर आधी म्हण, त्या दिवशी मी तोडून बोलले, माझं चुकलं. द्राक्ष घ्या म्हणून मागे लागू नकोस. नातू सोबत असेल तर एक मणी त्याच्या हातात दे आणि अंगठा कसा फिरवायचा ते दाखव, खायचं की नाही ते आजी ठरवेल.