गटार साफ करणाऱ्या रोबोच्या कथेत जात आणली तर तिचं भाषण होतं का?

प्रश्न असा आहे: नागपुरात घडणारी, गटार साफ करणाऱ्या रोबोवरची विज्ञानकथा लिहायची आहे. त्यात जात आणि राजकारण आणलं तर कथेचं भाषण होईल का? आणि ती पाठवायची कुठे?

भाषण होतं ते लेखकाला यंत्र माहीत नसतं म्हणून. मग पानं भरायला पात्रांच्या तोंडी मतं घालावी लागतात.

तुमचाच रोबो घ्या. रस्त्यावर पॅनल आणि ऑपरेटर, खाली वायररोपवर लटकलेलं यंत्र, त्याला कॅमेरा आणि गाळ उचलणारा पंजा. आता ते नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या गल्लीत उतरवा. समजा, झाकणाचं तोंड ५६० मिलिमीटर. आत गेल्यावर पंजा उघडतो. सांध्यात चिंध्या आणि पन्न्या गुंडाळल्या गेल्या की तो मिटत नाही, आणि उघडा पंजा त्या तोंडातून वर येत नाही. विंच, म्हणजे दोर गुंडाळून वर ओढणारं यंत्र, ओढत राहिला तर वायररोप तुटणार. कुणीतरी खाली जाऊन पन्नी कापायला हवी.

कोण जाणार? कथा इथून सुरू करा. पॅनलवरचा आयटीआय झालेला पोरगा उतरणार नाही. ज्याचा बाप आणि आजा गडरलाइनमध्ये उतरत होता, ठेकेदार त्यालाच फोन लावेल. "उतर ना बे, दोन मिनिटाचं काम हाय." जातीचं नाव लिहायची गरजच पडत नाही.

वायूचं चुकवू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो. साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) वर नाक बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो, म्हणून उतरण्याआधी घेतलेल्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही.

मग नोंद. रोबोच्या लॉगमध्ये त्या दिवशी 'मानवी प्रवेश: शून्य'. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. त्या शून्यावर ३० लाख अडलेत. लॉगचा पासवर्ड कुणाकडे आहे, ऑपरेटर साक्ष देईल का, त्याची नोकरी कुणाच्या हातात आहे, यातच तुमचं सगळं राजकारण आलं. खलनायक मंत्री आणि तिसरं महायुद्ध काढून टाका.

'शुद्ध विज्ञानकथेत समाज आणू नये' हे मी कार्यशाळांतून वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि ते साफ चूक आहे. बंगाली लेखिका रुकैया हुसेन यांनी १९०५ मध्येच 'सुलतानाज ड्रीम' ही विज्ञानकथा लिहिली. तिथल्या शास्त्रज्ञ बायका ढगांतून पाणी खेचतात, सूर्याची उष्णता साठवून शत्रूचं सैन्य पळवतात, आणि पुरुष घरात पडद्यात राहतात. यातला पडदा काढला तर उरेल काय? आणि नागपूर म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी आपलं भविष्य स्वतः ठरवलं ते गाव. इथलं २०६० सालचं चित्र रंगवताना जात गाळायची म्हणजे लेखकानं डोळे मिटून घ्यायचे. 'तो विषय दलित साहित्याचा' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, त्यांच्या कथांतल्या चकचकीत शहरांची गटारं कोण साफ करतं?

पाठवण्याचं म्हणाल तर मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा बघा. नारळीकरांची 'कृष्णविवर' १९७४ मध्ये तिथे टोपणनावानं गेली होती आणि बक्षीस घेऊन आली.

हे सगळं लघुकथेपुरतं. कादंबरीत एकच बिघाड शेवटपर्यंत पुरणार नाही. आणि सफाई कामगारांशी बोलल्याशिवाय दुसरा खर्डा लिहू नका. कमरेला दोरी बांधतात का, आणि वर ती कोण धरतं, हे आधी विचारा.