लेक्चर चालू, मुलगी भलतीकडेच

"मुलीनं ऑनलाइन एम.कॉम.ला नाव घातलंय, पण लेक्चर लावून भलतंच काहीतरी करत बसते. मोबाइल काढून घेऊ का?" हा प्रश्न थोड्याफार फरकानं माझ्याकडे सारखा येतो. गोची अशी, की मोबाइल काढून घेतला तर तिचं कॉलेजच बंद होतं.

स्नेहलचंच बघा (नाव आणि काही तपशील बदललेत). बी.कॉम. झाल्यावर सोलापूरजवळच्या गावात एका पतसंस्थेत लागली. नोकरी सांभाळून पुढं शिकायचं म्हणून ऑनलाइन एम.कॉम. घेतलं, फीचे हप्तेही तिच्याच पगारातून. आई तिला घेऊन आली ती तक्रारींची यादी घेऊनच. "मॅडम, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते. सर आपले बोलतायत, आणि ही बाई धुणं वाळत घालतीय." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "तशीही ही काही खरी डिग्री नव्हे म्हणा."

आधी या शेवटच्या वाक्याचाच निकाल लावला. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ सालीच स्पष्ट केलंय. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठ आणि अभ्यासक्रम यूजीसीच्या यादीत आहेत ना, एवढं मात्र बघायचं. ज्या अभ्यासाला घरातच कुणी मोजत नाही, त्याला दमूनभागून आलेली मुलगी संध्याकाळचे दोन तास कुठून देणार?

मग आईला बाहेर बसवलं आणि स्नेहलला ॲप उघडायला लावलं. सगळ्या व्हिडिओंसमोर हिरवी खूण! दुप्पट वेग, आवाज बंद, हजेरी पूर्ण. वही मागितली. पहिल्या पानांवर लाल पेनानं मथळे, पट्टीनं मारलेल्या रेघा. पुढं नुसती तारीख आणि धड्याचं नाव. त्यापुढं कोरी पानं.

"मी आळशी झालेय," ती म्हणाली. मला ते पटलं नाही. पतसंस्थेत रोज संध्याकाळी कॅश जुळवल्याशिवाय ती उठत नाही, आणि ती जुळते. लक्ष देण्याची ताकद जाग्यावर आहे. झोप, भूक, मैत्रिणींशी बोलणं, सगळंच मंदावलं असतं तर मी वेगळा विचार केला असता. तुमच्या घरात तसं असेल, तर अभ्यासाचं बाजूला ठेवा आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, बोला. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तिला विचारलं, "या अभ्यासातलं तुला शेवटचं कुणी काय विचारलं?" बराच वेळ आठवत राहिली. लाइव्ह तासाला सर विचारतात, "क्लिअर?" आणि खाली चॅटमध्ये ओळीनं "येस सर, येस सर" पडत जातं. त्यातलं एक हिचं. त्या क्षणी ती बऱ्याचदा कणीक मळत असते.

माझ्या मते दुखणं इथं आहे. आपण आलो काय, न आलो काय, कुणाला पत्ता नसतो. आपल्याकडं घरी बसून शिकणं काही नवं नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांना आणि गृहिणींना पदव्या देतंय. पण तिथं अभ्यासकेंद्र असायचं, संपर्कसत्र असायचं, आणि मागच्या रविवारी दिसला नाहीत, असं विचारणारं कुणीतरी भेटायचं.

दुप्पट वेगाला मात्र मी उगाच दोष देणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस इथल्या संशोधकांना २०२१ च्या सुमारास असं आढळलं, की दुप्पट वेगानं व्याख्यान पाहिलं तरी समजण्यात फारसा फरक पडत नाही. अर्थात कान उघडे असतील तर! मला जास्त उपयोगी पडतो तो हार्वर्डमधला २०१३ चा प्रयोग. २१ मिनिटांचं व्हिडिओ व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं आणि एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली. त्या गटाचं मन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी भरकटलं, टिपणं जास्त निघाली आणि शेवटच्या परीक्षेची धास्तीही कमी वाटली. म्हणजे लक्ष देऊन ऐक, असं कानीकपाळी ओरडण्यापेक्षा मध्येच एक प्रश्न विचारलेला बरा.

आम्ही तेच केलं. मागचे साठलेले व्हिडिओ सोडून दिले. तो डोंगर समोर असला की माणूस ॲपच उघडत नाही. रोज एकच व्हिडिओ, पण आधी जुन्या प्रश्नपत्रिकेतला त्या धड्यावरचा प्रश्न वहीत उतरवायचा. दहा मिनिटांनी थांबवायचं आणि व्हिडिओकडं न बघता चार ओळी लिहायच्या. चुकलं तरी चालेल.

खरं काम झालं ते जोडीदारणीनं. चॅटमध्ये "येस सर" सोडून एकदा खरीखुरी शंका विचारणारी एक मुलगी होती, इचलकरंजीची. स्नेहलनं तिला मेसेज टाकायला आठवडा घालवला. तिकडून लगेच उत्तर आलं, "अगं, मला वाटलं मला एकटीलाच कळत नाहीये!" आता मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊला फोन. एकीनं शिकवायचं, दुसरीनं अडवायचं. मार्जिनल कॉस्टिंग या दोघी फोनवर चपात्यांच्या हिशोबानं शिकल्या: पिठाचा खर्च चपातीगणिक वाढतो, भाडं एक लाटा नाहीतर शंभर, तेवढंच.

आईलाही काम दिलं. "झालं का लेक्चर?" हे बंद, "आज काय होतं, मला सांग" हे सुरू. त्या सातवी शिकलेल्या, पण "म्हणजे काय?" असं न लाजता विचारतात, आणि एवढ्यानं भागतं.

प्राध्यापकांना एक आगाऊ सल्ला. "क्लिअर?" विचारू नका. दोन पर्यायांचा प्रश्न टाका, सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत गप्प बसा, मग एकीला नावानं हाक मारून कारण विचारा.

पहिल्या सेमिस्टरला स्नेहलचा एक विषय राहिलाच, कायद्याचा. तो दोघींनाही कंटाळवाणा वाटायचा, म्हणून फोनवर कधी निघालाच नाही. आता त्यासाठी तिनं पतसंस्थेतल्या वसुलीच्या साहेबांना धरलंय. चेक न वटल्याची कलम १३८ ची प्रकरणं त्यांच्या टेबलावर रोजचीच असतात. जेवणाच्या सुट्टीत ते तिला एक फाइल देतात आणि विचारतात, "सांग, नोटीस वेळेत गेली का?"