मी कधीच आळशी नव्हतो

प्रश्न : ताई, माझं वय ५२. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. गेले सहा महिने कशातच मन लागत नाही. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. फिरणं सुटलं, साखर तपासायचं मशीन ड्रॉवरमध्ये पडून आहे. घरचे म्हणतात, 'जरा मनावर घ्या.' मी कधीच आळशी नव्हतो. हे साखरेमुळे होतंय, की मीच ढिला पडलोय?

उत्तर : तुमचं ते ड्रॉवरमधलं मशीन काही माझ्या डोक्यातून जाईना. बोट टोचायला कितीसा वेळ लागतो? पण तो आकडा तुमच्यासाठी रोजचा निकाल होऊन बसलाय. नापासच होणार हे धरून चाललेला माणूस पेपरला बसेल कशाला? याला आळस म्हणत नाहीत.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस नावाचे डॉक्टर होते. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं, त्याला त्यांचंच नाव आहे. त्यांनी दीर्घ दुःखाला मधुमेहाचं एक कारण मानलं होतं. सगळंच काही त्यांना उलगडलं नव्हतं, पण बोट योग्य जागी ठेवलं होतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या आसपास, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. साखर वरखाली झाली की कुरबुर तिथे होणारच. आणि मन खचलं, की ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल वाढतं, यकृत जास्त साखर सोडतं. म्हणजे दोन्हीकडून ढकलाढकली. मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं, तरी तपासणीत विचारतात ती फक्त साखर!

तेव्हा या वेळी डॉक्टरांपुढे रिपोर्ट ठेवण्याआधी पहाटेच्या तीनचं सांगा. बोलवत नसेल तर हे पत्रच वाचून दाखवा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा, ते कमी पडलं तरी माणूस मरगळतो. थायरॉइडही बघून घ्या. नैराश्यावर समुपदेशन आहे, गोळ्याही आहेत. त्यातल्या काहींनी वजन वाढतं, म्हणून मधुमेहाच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं कळू द्या. आणि जगणंच नको असं वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच क्षणी घरच्यांना सांगा, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरच्यांनाही हे उत्तर वाचायला द्या. 'मनावर घ्या' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, दुखणं मनावरच आलंय.

मशीन बाहेर काढाल तेव्हा आधी पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघा. सहा महिन्यांत उलटून गेली असेल.