अमेरिकन हृदयशल्यविशारद डॉ. मायकेल डीबेकी यांनी पहिली कृत्रिम रक्तवाहिनी खरंच घरच्या शिलाई मशीनवर शिवली होती का?

हो, शिवली होती, पण ती जगातली पहिली नव्हे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनमध्ये डीबेकी महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीचा) फुगलेला भाग बदलण्यासाठी कापड शोधत होते. दुकानात नायलॉन संपलं होतं, म्हणून विक्रेत्याने नवीन आलेलं डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचं कापड, दाखवलं. त्यांनी ते घेतलं आणि बायकोच्या मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. शिवणकाम आईकडून लहानपणीच शिकलेले होते. ही हकीकत त्यांनी स्वतः मुलाखतींमध्ये सांगितली आहे. नायलॉन नव्हतं हे एका परीने बरंच झालं, कारण ते शरीरात हळूहळू कमकुवत होतं, डेक्रॉन टिकतं. विणीतली भोकं गळू नयेत म्हणून नळी आधी रुग्णाच्याच रक्तात भिजवत. रक्त गोठलं की भोकं बुजत आणि पुढे त्यातूनच शरीराच्या पेशी वाढत. नंतर यंत्रावर विणलेल्या, बिनशिवणीच्या नळ्या आल्या.

मात्र कापडी नळीची मूळ कल्पना न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक आर्थर व्हूरहीस यांची. त्यांनी विन्यॉन नावाचं कापड वापरून केलेले प्रयोग १९५२ मध्येच छापून आले होते. डीबेकींचं श्रेय टिकाऊ कापड आणि ते रुळवण्याचं. शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हृदय-फुफ्फुस यंत्रात वापरला गेलेला, नळी दाबत रक्त पुढे ढकलणारा रोलर पंपही त्यांनी विद्यार्थिदशेत जुन्या रचनेत सुधारणा करून बनवलेला. २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांची स्वतःची महाधमनी फाटली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनाही डेक्रॉनचीच नळी बसवली.