सिपिओचं घर घेण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सिपिओच्या घराची लिंक काल रात्री निवांत बघितली. तीन बेडरूम, दोन एकर जागा, मागे छोटं तळं, आणि किंमत इंडियानातल्या आपल्या कोलंबसमधल्या साध्या घरापेक्षा कमी. खाली तू विचारलंयस, "मावशी, यात काही गडबड तर नाही ना?" गडबड काही नाही गं. पण एवढं स्वस्त का, हा प्रश्न तुला पडला ते बरं झालं. नवीन आलेले बरेच जण किंमत बघून हरखतात आणि थेट बँकेला फोन लावतात.

सिपिओ ज्या जेनिंग्स काउंटीत (इथला जिल्हाच म्हण) येतं, तिची वस्ती २०२० च्या जनगणनेत २७,६१३. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावातही याहून जास्त माणसं असतात. इथे तेवढ्यांसाठी कोर्ट, शेरीफ, कमिशनर सगळं वेगळं, आणि अख्ख्या काउंटीत मिळून एकच सरकारी हायस्कूल. काउंटीचं ठाणं व्हर्नन, ते नदीच्या वळणात बसलेलं एवढंसं गाव; बाजारहाट आणि दवाखाना शेजारच्या नॉर्थ व्हर्ननला. नोकऱ्या मात्र पलीकडच्या बार्थोलोम्यू काउंटीत, कोलंबसला. कमिन्स ही इंजिनांची कंपनी तिथे १९१९ पासून आहे आणि पुण्यात १९६२ पासून. म्हणून तर कर्वेनगरात कमिन्सचं कॉलेज केलेल्या मुली इंडियानाच्या मक्याच्या शेतांत येऊन पोचतात! पगार कोलंबसचा आणि घर जेनिंग्सचं, असा हिशोब करणारी तू पहिली नाहीस. सकाळी स्टेट रोड ७ वर उभी राहिलीस तर कळेल.

आधी कराचं बोलते, कारण त्यात इथे खरंच सुख आहे. इंडियानाने २०१० मध्ये घरपट्टीची कमाल मर्यादा थेट राज्यघटनेत घातली. तुम्ही स्वतः राहता त्या घराला मूल्यांकनाच्या १ टक्का, भाड्याच्या घराला आणि शेतजमिनीला २ टक्के, बाकीच्याला ३. शाळेसाठी मतदान घेऊन लावलेला कर तेवढा या मर्यादेबाहेर. आता बारीक गोष्ट बघ. १ टक्क्याच्या सवलतीत घर आणि त्याखालची एक एकरच जागा धरतात. तुझ्या त्या घराला आहेत दोन. घर आणि पहिला एकर मिळून समजा २ लाख डॉलर धरले, तर वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. दुसरा एकर १० हजारांचा धरला तर त्याचे २००. म्हणजे जड काही नाही. पण ही सवलत आपोआप मिळत नाही, काउंटी ऑडिटरकडे अर्ज द्यावा लागतो. खरेदीच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात तो फॉर्म आहे का, हे स्वतः विचार. आधीच्या मालकाची सवलत त्याच्याबरोबर जाते आणि पुढचं बिल बघून लोक डोक्याला हात लावतात. बिल वर्षातून दोनदा, १० मे आणि १० नोव्हेंबर. २०२५ च्या कायद्याने सवलतींचं गणित टप्प्याटप्प्याने बदलतंय, तेव्हा जुन्या मालकाचं बिल हाच आपला आकडा असं धरून चालू नकोस. शिवाय १ जानेवारीला तू ज्या काउंटीत राहतेस, तिचा इन्कम टॅक्स राज्याच्या टॅक्सवर आणखी लागतो. दोन्ही काउंट्यांचे दर समोरासमोर ठेवून बघ.

आता ज्याचा हिशोब कुणीच करत नाही ते. सिपिओपासून कोलंबस साधारण १५ मैल. जाऊन-येऊन ३०, वर्षाचे २४० दिवस धरले तर ७,२०० मैल. आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, गाडीच्या खर्चाचा जो सरासरी दर देते तो २०२५ साली मैलाला ७० सेंट होता, त्यात पेट्रोल, विमा, झीज सगळं आलं. म्हणजे वर्षाला ५,०४० डॉलर, महिन्याला ४२०. नॉर्थ व्हर्ननहून अंतर आणखी सात-आठ मैलांनी वाढतं. हा फक्त ऑफिसचा प्रवास. दूध संपलं, मुलाला पोहायला न्यायचं, केस कापायचे, प्रत्येक वेळी गाडीच. आणि घरात दोन माणसं असतील तर गाड्याही दोन. तू कोलंबसच्या घराशी तुलना करताना हप्त्याशी हप्ता लावलास. त्यात हे ४२० घाल आणि परत बघ. फरक नाहीसा होत नाही, पण लिंक बघताना वाटला तेवढा तो राहत नाही.

तुझ्या नवऱ्याचं काम घरून आहे ना? मग घर बघायच्या आधी इंटरनेट बघ. इथली ग्रामीण वीज बहुतांशी आरईएमसी नावाच्या सहकारी संस्थांकडून येते. आपल्या साखर कारखान्यांसारख्या या संस्था सभासदांच्या मालकीच्या, संचालक मंडळ निवडून येतं, आणि राजकारणही तसंच थोडंफार चालतं. १९३० च्या दशकात खासगी कंपन्या शेतापर्यंत तारा न्यायला तयार नव्हत्या, तेव्हा शेतकऱ्यांनी सरकारी कर्ज घेऊन त्या स्वतः ओढल्या. आता त्यातल्याच काही संस्था फायबर ओढतायत. शेजारच्या जॅक्सन काउंटीच्या आरईएमसीने ते केलंय. पण एका रस्त्यावर फायबर असतं आणि पुढच्या वळणावर नसतं. एजंट 'हायस्पीड अव्हेलेबल' म्हणेल, ते ऐकून घे आणि फोन करून घराच्या पत्त्यावर खात्री कर.

शहराच्या हद्दीबाहेरचं घर म्हणजे नगरपालिका तूच. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. दर तीन ते पाच वर्षांनी टँक उपसायचा, आणि त्यातलं पाणी जमिनीत मुरतं तो भाग बिघडला तर हजारो डॉलरचा खड्डा. काउंटीच्या आरोग्य खात्याकडे सेप्टिकच्या परवान्याचा कागद असतो, तो मागव. टँक कुठे पुरलाय हे मालकाला दाखवता आलं नाही तर तिथेच थांब. गॅस पाइपने येत नसेल तर अंगणात प्रोपेनची पांढरी टाकी असेल. ती घराबरोबर येते की गॅस कंपनीची भाड्याची आहे, हे विचार, कारण भाड्याची असेल तर दुसऱ्याकडून स्वस्त गॅस भरून घेता येत नाही. पाणी विहिरीचं असेल तर तपासून घे; पर्ड्यू विद्यापीठाचं लोकांना सल्ला देणारं एक्स्टेन्शन ऑफिस राज्याच्या ९२ च्या ९२ काउंट्यांत आहे, कुठे तपासायचं ते सांगतात. तळघरात रेडॉनची (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) चाचणी कर, ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला तर पंखा बसवायला लाव आणि तो खर्च विकणाऱ्याकडून काढ. घराच्या विम्याचा आकडा ऑफर द्यायच्या आधी घे, नंतर नाही. फायर स्टेशन किती लांब, हायड्रंट (आग विझवायचा रस्त्यावरचा नळ) आहे का, यावर हप्ता ठरतो, आणि गावाकडची अग्निशमन दलं बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकांची आहेत.

त्या तळ्याबद्दल. फोटोत छान दिसतंय, पण सिपिओतून सँड क्रीक वाहते. तिच्यावरचा १८८६ चा झाकलेला लाकडी पूल बघायला जा जरूर, आणि तिथूनच घरापर्यंतचा उतारही बघ. ७ जून २००८ ला कोलंबसला हॉ क्रीकचं पाणी इतकं चढलं की तिथलं हॉस्पिटल रिकामं करावं लागलं आणि ते काही महिने बंद राहिलं. ओढे इथे छोटेच दिसतात. फेमा या सरकारी आपत्ती खात्याचा पूरनकाशा फुकट बघता येतो. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

आणि वास. हसू नकोस. या भागात अंड्यांची मोठमोठी फार्म आहेत, डुकरांचे गोठे आहेत, आणि शेतात शेणखत पसरलं की घरात खिडकी उघडता येत नाही. तू आधीपासून असलेल्या फार्मशेजारी राहायला गेलीस तर तक्रारीला जागा जवळजवळ नाही. इंडियानाचा कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, आणि माझ्या मते तो तसाच असावा. नाकाने ठरव. दोन-तीन वेळा जा, एकदा तरी उकाड्यात, वारा पडलेला असताना.

आता कर्जाचं. गावाकडच्या घरांसाठी कृषी खात्याचं शून्य डाउन पेमेंटचं कर्ज असतं, ते तुला कुणीतरी सांगेलच. ते नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, तुमच्यासारख्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर नाही. एफएचए या सरकारी संस्थेच्या हमीचं कर्जही मे २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंद झालंय. तुम्हाला उरतं साधं, सरकारी हमी नसलेलं कन्व्हेन्शनल कर्ज. त्यात २० टक्क्यांपेक्षा कमी भरलेस तर पीएमआयचा, म्हणजे कर्जाच्या विम्याचा, हप्ता डोक्यावर बसतो.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर मला मुख्य जे सांगायचं होतं ते सांगते. नोकरी गेली तर एच-वन-बीवर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात पुढची नोकरी मिळवायची किंवा बाडबिस्तरा आवरायचा. शिकागोत असतीस तर दुसरी कंपनी त्याच ट्रेनवर सापडली असती. इथे? कोलंबसलाच टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना आहे, ग्रीन्सबर्गला होंडा, सेमूरला आयसिन. तुझ्यासारख्या मेकॅनिकल इंजिनियरला ही यादी वाईट नाही. पण यातले बहुतेक गाड्यांच्याच धंद्यातले, आणि मंदी आली की सगळीकडे एकदम भरती थांबते. दोन एकरांचं, सेप्टिकवालं घर ६० दिवसांत विकलं जाईल याचा भरवसा मी देणार नाही. गिऱ्हाईकच कमी असतं. घर स्वस्त असण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. या काउंटीत हप्ता स्वस्त पडतो तो अडकून पडायची तयारी असलेल्यांना. इथल्या माणसांची ती असते, कारण त्यांचे आजे-पणजे याच मातीत आहेत. तुमची, ग्रीन कार्ड यायच्या आधी, आहे का? हे तुम्ही दोघांनी बसून बोला.

पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे म्हणालीस. नॉर्थ व्हर्ननचं हॉस्पिटल छोटं, २५ खाटांच्या मर्यादेतलं. इमर्जन्सीला चांगलं, पण बाळंतपणाला तू कोलंबसलाच जाशील. मग आई येईल सहा महिने. तिला गाडी चालवता येत नाही, आणि काउंटी रोडला फूटपाथ नसतो. सकाळी फिरायला निघाली की मोकळी कुत्री अंगावर येतात, पिकअप शेजारून साठ मैलांच्या वेगाने जातो. कोलंबसला पायी फिरायचा पीपल ट्रेल आहे, लायब्ररी आहे, बाकावर बसलं की कुणीतरी मराठी भेटतंच. इथे दिवसभर खिडकी. मी अनेकांच्या आयांना तिसऱ्याच आठवड्यात परतीचं तिकीट अलीकडे आणायला सांगताना ऐकलंय. त्यांचं काही चुकत नाही.

माणसांबद्दल मात्र तू उगाच घाबरतेयस. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो, तूही करायला शीक. तिसऱ्या भेटीत 'कुठल्या चर्चला जाता?' विचारतील. चौकशी असते ती, खोच नसते. सरळ सांगितलं की ठीक म्हणतात आणि फिश फ्रायचं आमंत्रण देतात. कोलस्लॉ खाऊन यायचं. एका जानेवारीत आमचा रस्ता बर्फाने बंद झाला, तेव्हा शेजारचे आजोबा न बोलावता ट्रॅक्टर घेऊन आले. पैसे द्यायला गेले तर हात मागे घेतला. जूनमध्ये त्यांचा फोन आला, "गवताचे गठ्ठे रचायचेत, मुलाला पाठव." पाठवला. इथला व्यवहार असा चालतो, आणि तो जमला तर शेजार पक्का. घरी जेवायला बोलावण्याइतकी मैत्री व्हायला मात्र वर्षं जातात. उन्हाळ्यातल्या काउंटी फेअरला जा, फोर-एच या मुलांच्या क्लबातल्या पोरांनी वाढवलेल्या गाई-बकऱ्या बघ. गावातले लोक तिथे ऑफिसपेक्षा मोकळे बोलतात. ब्राउन्सटाउनची कलिंगडं चाखलीस की आपली विसरशील, असं नाही म्हणत, पण जवळपास.

माझं मत विचारशील तर हे घर आत्ता घेऊ नका. नॉर्थ व्हर्नन गावात, जिथे ड्रेनेज आहे, फूटपाथ आहे, तिथे वर्षभर भाड्याने राहा. एक हिवाळा काढा. नोव्हेंबरात हरणं माजावर असतात आणि संध्याकाळी थेट गाडीपुढे उडी घेतात. बर्फात काउंटी पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा काढते. नारिंगी म्हणजे अत्यावश्यक कामाखेरीज रस्त्यावर यायचं नाही, आणि लाल म्हणजे आपत्कालीन सेवेच्या माणसांखेरीज कुणीच नाही. ते सगळं सोसून वर्षानंतरही तुम्हाला तळ्याकाठचं घर हवंसं वाटलं तर मी स्वतः तुमच्याबरोबर येऊन किमतीत घासाघीस करीन. अशी घरं संपत नाहीत, एजंट काही म्हणो.

तरी बघायला जायचंच असेल तर शनिवारी सकाळी मी मोकळी आहे. एजंटला आजच कळव की सेप्टिकचा परवाना, मागच्या दोन हिवाळ्यांची प्रोपेनची बिलं आणि घरपट्टीची पावती हातात हवी. पायात बूट घाल, मागच्या एकरात चिखल असणार.

तुझी,
मावशी