‘सेड’ आलं की काळ बदलायचाच का?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. ‘द टीचर सेड दॅट द पंचगंगा मीट्स द कृष्णा ॲट नृसिंहवाडी’ हे तिचं वाक्य क्लासच्या सरांनी खोडलं आणि ‘मीट्स’च्या जागी ‘मेट’ केलं. ‘सेड’ भूतकाळ, म्हणून पुढचंही भूतकाळात, असं ते म्हणतात. बाई, संगम तर आजही तिथंच आहे. मग चुकलं कोण?
— एक आई, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुलगी अजिबात चुकलेली नाही. ‘मेट’नेही व्याकरण बिघडत नाही, पण कायम खरी असलेली गोष्ट वर्तमानकाळात ठेवणं जास्त चांगलं. खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं. मुलं ‘इजचं वॉज, विलचं वुड’ घोकतात आणि वाक्य काय सांगतंय ते बघतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मराठीत आपण बोलणाऱ्याचा काळ आहे तसा उचलतो. ‘पाणी वाढतंय, असं मामा म्हणाला.’ काल म्हणालेला असो की 2019 च्या महापुरात, ‘वाढतंय’ तसंच राहतं. इंग्रजीत मात्र सांगणारा आज कुठं उभा आहे, तिथून काळ ठरतो. समजा, राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांवर, म्हणजे धोका पातळीवर गेलंय, असं मामानं सकाळी फोनवर सांगितलं. दुपारी तुम्ही शेजारणीला तेच सांगताय आणि पाणी उतरलेलं नाही. तेव्हा ‘ही सेड द वॉटर इज ॲट फॉर्टी-थ्री फीट’ बरोबर, ‘वॉज’ही बरोबर. दिवाळीत तीच गोष्ट सांगताना ‘इज’ म्हणालात, तर नदी आत्ता चढलीय असं ऐकणाऱ्याला वाटेल. तिथं ‘वॉज’च हवं. ‘इज’ ठेवलं की ते आत्ताही खरं आहे, अशी हमी आपण स्वतः देतो. खात्री नसेल तर ‘वॉज’ म्हणावं. आणि ‘वॉज’ म्हणजे ती गोष्ट संपली, असंही नाही. ‘शी सेड शी वॉज इल’ यावरून बाई बऱ्या झाल्या की नाही, ते कळत नाही.

‘हॅड’चाही असाच अतिरेक होतो. ‘शाहू महाराजांनी आरक्षणाचा हुकूम 1902 मध्ये काढला, असं सर म्हणाले’ याचं इंग्रजी करताना ‘इश्यूड’ पुरतं. साल दिलेलं असल्यामुळे आधी काय घडलं हे उघड आहे. पण ‘शी सेड शी हॅड लॉस्ट हर बॅग’ यातलं ‘हॅड’ काढू नये. बॅग बोलण्याआधीच हरवली होती, हे तिथं तोच शब्द सांगतो.

काळापेक्षा मोठा घोटाळा सर्वनामाचा असतो. ‘मी येतोय, असं तो म्हणाला’ याचं ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ केलं, तर येणारे तुम्ही ठरता! वह्या तपासणाऱ्यांनी लाल शाई इथं वापरावी.

परीक्षेपुरतं सांगते. ‘सेड’ किंवा ‘टोल्ड’ असेल तर काळ मागे नेणं सुरक्षित, नित्य सत्य तेवढं वर्तमानात ठेवावं. ‘सेज’ असेल तर काळाला हात लावायचा नाही.

मुलीला वही घेऊन सरांकडे पाठवा. ‘संगम आजही आहे म्हणून मीट्स लिहिलं’ एवढंच तिनं नम्रपणे सांगावं. इतका विचार करून लिहिलेल्या वाक्याचे गुण कापू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.