एका खोक्यापायी सगळा माल अडकला तर कारागिरांना काय सांगायचं?

तुमची पोस्ट वाचून डोकं भणभणलं, कारण हे सगळं आमच्याकडे जसंच्या तसं होऊन गेलंय, फक्त तुमच्या बांबूच्या टोपल्यांच्या जागी आमचे हातमागाचे टेबल-रनर होते. तुमच्याकडून धूप, मेणबत्त्या, रीड डिफ्युजरच्या (काड्यांमधून सुगंधी तेल हवेत सोडणाऱ्या) बाटल्या आणि टोपल्या असं सगळं एकाच कन्साइनमेंटमधे गेलं, बाटल्यांच्या खोक्यावर 'कागदपत्रं अपूर्ण' असा शेरा बसला, त्यापायी सगळाच माल गोडाऊनमधे पडून आहे, दुकानदार म्हणतोय माल हातात पडल्याशिवाय पैसे नाहीत, आणि तुम्ही विचारताय की टोपल्या विणणाऱ्या बायकांना काय सांगू.

सांगू काहीच नका, त्यांचे पैसे द्या. पूर्ण जमत नसतील तर निदान अर्धे तरी, पण आत्ता. त्यांनी टोपल्या ठरल्या तारखेला दिल्या, तुम्ही तपासून घेतल्या, त्यांचा विषय तिथेच संपला. डिफ्युजरच्या तेलाशी त्यांचा काय संबंध? माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या, पण 'एथिकल' हा शब्द टॅगवर छापणाऱ्या माणसाची परीक्षा माल वेळेवर पोचतो तेव्हा होतच नाही, माल अडकतो आणि उशिराचा भुर्दंड कोणीतरी सोसायचा असतो तेव्हा होते. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन म्हणजे रास्त व्यापार करणाऱ्यांची जागतिक संघटना, तिच्या दहा तत्त्वांमधे हस्तकलेच्या मालासाठी सरळ लिहिलंय की कारागिराने मागितलं तर किमान ५०% रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. तुम्ही त्यांचे मेंबर असा-नसा, हा आकडा दुकानदारासमोर ठेवायला फार कामाला येतो, कारण मग ती तुमची मागणी राहत नाही, धंद्यातली मान्य पद्धत होते.

आता अडकण्याबद्दल. एसडीएस (मालाचे गुणधर्म आणि धोके सांगणारी सेफ्टी डेटा शीट) म्हणजे काय, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम्समधला नंबर), पॅकिंग लिस्ट वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. आमचं जिथे अडलं ते ऑफिस कोणतं हे लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, तशी बरीच असतात. तिथल्या टेबलाने दर वेळी एकच उत्तर दिलं, डॉक्युमेंट इनकम्प्लीट. काय कमी आहे ते विचारलं की "तुमच्या सप्लायरला विचारा". सप्लायर म्हणे आमची शीट बरोबर आहे, त्यांना विचारा. आम्ही नवीन शीट पाठवली की फाईल पुन्हा रांगेत शेवटी, आणि डेमरेजचं (माल पडून राहिल्याच्या आकाराचं) मीटर मात्र सुट्टीच्या दिवशीही चालू. एकदा तर आम्ही पाठवलेलं पत्र आम्हालाच फॉरवर्ड करून विचारलं, हे कोणी पाठवलंय! बरं, माणसं उद्धट होती असंही नाही, आवाज गोड होता, फक्त 'हा नियम, ही ओळ, हे दुरुस्त करा' एवढं एक वाक्य लिहून द्यायची कोणाची तयारी नव्हती, कारण लिहून दिलं की जबाबदारी येते ना.

शेवटी दुसऱ्याच एका क्लिअरिंग एजंटने (कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याने) शीट बघितली आणि लगेच बोट ठेवलं. सेफ्टी डेटा शीटमधे १६ सेक्शन असतात, त्यातला ९वा भौतिक गुणधर्मांचा आणि १४वा वाहतुकीचा. आमच्या शीटमधे ९व्यात फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) ६३ अंश लिहिलेला, पण पुढे 'ओपन कप' (उघड्या कपातली टेस्ट), आणि १४व्यात 'धोकादायक माल नाही'. आता वाहतुकीच्या नियमात ज्वलनशील द्रवाची रेषा आहे क्लोज्ड कपने (झाकलेल्या कपात) ६० अंश किंवा ओपन कपने ६५.६ अंश. ओपन कपचा आकडा साधारण जास्तच येतो, कारण वाफ उडून जाते. म्हणजे ६३ बघून वाटतं आपण ६०च्या रेषेच्या पलीकडे, आणि प्रत्यक्षात आपण ओपन कपच्या ६५.६च्या आतच. दोन सेक्शन एकमेकांशी भांडत होते आणि त्या टेबलावरच्या माणसाला ते दिसलेलं असणार, पण बोलायचं नाही. त्या न बोललेल्या एका ओळीने आमचा अख्खा सीझन खाल्ला. लॅबकडून क्लोज्ड कपची टेस्ट करून घेतली, माल ज्वलनशील म्हणून डिक्लेअर केला, योग्य पॅकिंग आणि लेबल लावलं, मग विषय मिटला. तर आज सगळ्यात आधी तुमच्या शीटचे ९ आणि १४ शेजारी शेजारी ठेवून वाचा, टेस्टची पद्धत लिहिली आहे का बघा, आणि ऑफिसला फोन नको, मेल करा, त्यात 'कोणता सेक्शन, कोणती त्रुटी' एवढाच प्रश्न. हे मी माझ्या अनुभवावरून सांगतोय, मी कस्टम्स ब्रोकर नाही, तुमच्या रूटचे नियम वेगळे असतील तर त्यातल्या माणसाला पैसे देऊन विचारा, ते पैसे वाया जात नाहीत.

आणि हो, "आमचं तर सगळं नैसर्गिक आहे, त्यात धोकादायक काय" हे तुम्ही लिहिलंय, ते कृपया त्या ऑफिसला लिहू नका. संत्र्याच्या सालीचं तेल शंभर टक्के नैसर्गिक, पण त्यात बहुतेक सगळं लिमोनिन नावाचं रसायनच असतं आणि त्याचा फ्लॅश पॉइंट ५० अंशांच्याही खाली. डिफ्युजरचा बेस अल्कोहोलचा असेल तर बोलायलाच नको. त्या मानाने धूप आणि मेणबत्ती गरीब, घन माल असल्यामुळे या द्रवांच्या भानगडीत पडत नाहीत. म्हणून आम्ही आता एक नियमच केलाय, द्रव माल वेगळ्या कन्साइनमेंटने, वेगळ्या इनव्हॉइसवर. भाडं जास्त पडतं, मान्य. पण बाटल्या अडकल्या तर बाटल्याच अडकतात, कोणाच्या विणकामाची मजुरी अडकत नाही. तुमच्या एजंटला आत्ताही विचारा की बाकी खोकी वेगळी काढून सोडवता येतील का. काही ठिकाणी होतं, चार्ज लागतो, तरी करा.

दुकानदाराचं बोलायचं तर त्याला मी व्हिलन म्हणणार नाही, त्याचंही रॅक रिकामं आहे. पण 'माल पोचल्यावर पैसे' हे तुमच्या ऑर्डरमधे लेखी आहे का, का नुसतं बोलण्यात ठरलं होतं? तुम्ही एफसीए (फ्री कॅरियर, माल सोपवण्याची एक ठरलेली अट) लिहिलंय, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात गेला की जोखीम खरेदीदाराची. बरेच जण समजतात की त्यातच पैसे कधी द्यायचे तेही आलं, पण इन्कोटर्म्स, म्हणजे एफसीएसारख्या या आंतरराष्ट्रीय व्यापारी अटी, पैशाची तारीख सांगतच नाहीत, ती वेगळी लिहावी लागते. आमच्या प्रोफॉर्मामधे (माल पाठवण्याआधीच्या बिलामधे) आता दोन ओळी असतात. ऑर्डरसोबत अर्धे, बाकीचे माल निघाल्याची कागदपत्रं मिळाल्यावर. आणि खाली, वाटेत उशीर झाला तरी हस्तकलेच्या भागाचं पेमेंट थांबणार नाही. या ओळीवर एक मोठा खरेदीदार आम्हाला सोडून गेला. जाऊ दे. ज्याला उधारीवर साठ दिवस हवेत आणि पोस्टरवर कारागिराच्या हाताचा फोटोही हवा, त्याच्याशी माझं जमत नाही.

थोडं विषयांतर, पण तुमच्या यादीत शिसवीचे धूपदान दिसले म्हणून. शिसवी ज्या डालबर्जिया प्रजातीतली, तिच्या जवळजवळ सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मधे, म्हणजे परवान्यानेच व्यापार करायच्या यादीत आहेत. २०१९ मधे छोट्या तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सूट मिळाली, पण लाकडाचं शास्त्रीय नाव आणि वजन इनव्हॉइसवर हवंच, नुसतं 'वुडन स्टँड' लिहिलंत तर पुढचं खोकं त्यावरून अडकेल. अगरुच्या लाकडाचे तुकडे विकायचा विचार असेल तर तेही परिशिष्ट २ मधेच, परवान्याशिवाय हात लावू नका. आणि कोणी सप्लायर इफ्राचं (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांचं) सर्टिफिकेट दाखवून 'बघा, नॅचरल आहे' म्हणाला तर त्याला हसून निरोप द्या, तो कागद फक्त कुठल्या प्रकारच्या वस्तूत तो सुगंध जास्तीत जास्त किती वापरायचा ते सांगतो, तो झाडातून आला का प्रयोगशाळेतून याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नैसर्गिकपणाची खात्री हवी तर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच नंबर आणि त्या बॅचचा जीसी रिपोर्ट (गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलातले घटक वेगळे करून दाखवणारी लॅब टेस्ट) मागा. मोगऱ्याचं 'प्युअर' तेल लिंबाच्या तेलाच्या भावात कोणी देत असेल तर रिपोर्टची पण गरज नाही.

माल सुटला की टोपल्यांची खोकी आधी उघडा. बांबू आणि सुती कापड शेजारच्या धुपाचा वास इतका ओढून घेतात की आमचे रनर धुऊनही तसेच वास मारत होते, शेवटी ते वेगळे काढून कमी भावात द्यावे लागले, आणि तो तोटा आम्ही विणकरांकडे नेला नाही. तुमच्याकडे टोपल्या धुता पण येणार नाहीत, सावलीत वाऱ्यावर ठेवा, दमट वाटल्या तर बुरशी बघा, फोटो काढून ठेवा, नुकसानीच्या क्लेमला लागतील.

शीटचा ९वा आणि १४वा सेक्शन सप्लायरचं नाव झाकून इथे टाकता आला तर टाका, बघून सांगतो. पण त्याआधी टोपल्यांचे पैसे पाठवा.